मेंढपाळाचं वर्ष मार्चला संपत नाही

काही वर्षांपूर्वी मी एका प्रकल्पात समन्वयक होतो. काम सांगायला सोपं, आमच्या दुष्काळी पट्ट्यात मेंढपाळांसाठी वेगवेगळे लोक जी काही ट्रेनिंगं, शिबिरं, सल्ला-मार्गदर्शन करतात त्यांची मोट बांधायची. फेब्रुवारी संपत आला तसा वरनं फोन, निधी पडून आहे, मार्चच्या आत तीन ट्रेनिंग उरकून घ्या. घेतली. पहिल्याच दिवशी हॉल भरलेला, बॅनर, हारतुरे, पोहे-चहा सगळं झालं, आणि बोलायला उभा राहिल्यावर मी सहज विचारलं की आज ज्यांच्याकडं मेंढरं आहेत त्यांनी जरा हात वर करा. पन्नासेक माणसांत सहा हात. त्यातली चार म्हातारी माणसं, ज्यांची मेंढरं पोरा-सुनांबरोबर दिवाळीनंतरच घाट उतरून गेलेली. बाकीचे कोण, तर बँकेत प्रकरण टाकायचंय म्हणून सर्टिफिकेट पाहिजे असलेली पोरं, दोन कंत्राटदार, एक मेडिकलवाला. त्यांचं काही चुकलं नाही हो, धंदा बघायला कुणीही यावं. पण ज्यांच्या नावानं तो पैसा आला होता ती माणसं त्या दिवशी तिथनं दीड-दोनशे किलोमीटरवर भाताच्या खाचरात मेंढरं बसवत होती आणि आपलं प्रशिक्षण चाललंय याचा त्यांना पत्ताही नव्हता.

हजेरीपट मात्र पूर्ण भरला. फोटोही चांगले आले.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळतेय आणि ती मी जिथं संधी मिळेल तिथं बोलतो, लोक कंटाळतात तरी बोलतो. मेंढपाळांना सल्ला द्यायला माणसं कमी आहेत असं अजिबात नाहीये. पशुसंवर्धन खातं आहे, जिल्हा परिषदेचे दवाखाने आहेत, पुण्यात पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाचं मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे आणि त्याच्या प्रक्षेत्रांवर ट्रेनिंग होतात, कृषी विज्ञान केंद्रं आहेत, राहुरीचं विद्यापीठ आहे, नागपूरचं पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ आणि त्याचं शिरवळचं कॉलेज आहे, शेतीतलं नवं तंत्र शेतकऱ्यापर्यंत न्यायची ‘आत्मा’ नावाची सरकारी यंत्रणा आहे, वर खाद्य कंपन्या, औषध कंपन्या, एनजीओ, आणि आता तर यूट्यूबवर रोज एक नवा तज्ज्ञ. एवढे सगळे आहेत आणि प्रत्येकाचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं नि ३१ मार्चला संपतं. मेंढपाळाचं वर्ष मृगाला सुरू होतं. ही दोन वर्षं एकमेकांना कुठंच भेटत नाहीत आणि आपण त्याला नाव देतो की मेंढपाळ समाज उदासीन आहे.

आता ते वर्ष कसं असतं ते सांगतो, ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत, सांगोला, तिकडं पारनेर, संगमनेर, या पट्ट्यातले मेंढपाळ उन्हाळ्याच्या शेवटी, वळवाचे ढग दिसायला लागले की घराकडं वळतात, कारण दख्खनी मेंढीला घाटाखालचा धो-धो पाऊस सोसत नाही. जून ते दसरा गावाच्या आसपास, माळावर, डोंगराच्या कडेला. हिरवं पोटात गेलं की मेंढ्या माजावर येतात, मेंढी पाच महिने गाभण राहते, म्हणजे बऱ्याच कळपांत कोकरं पडायला लागतात ती नेमकी दिवाळीच्या पुढंमागं, वाडा, म्हणजे माणसा-मेंढरांचा फिरता तळ, हलायच्या बेतात किंवा हलल्यावर, वाटेतच. मग काही वाडे रायगड-ठाण्याकडं उतरतात, काही मराठवाड्याकडं, काही बागायती पट्ट्यात ऊसतोडीच्या मागं मागं. रात्री कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, सकाळी बिऱ्हाड घोड्यावर लादायचं. असं करत करत परत वैशाखात माघारी. यात जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हे तीन महिने माणूस घरापासनं सगळ्यात लांब असतो, आणि सरकारी असो नाहीतर संस्थेची असो, ट्रेनिंगं सगळ्यात जास्त होतात ती याच तीन महिन्यांत.

हे ज्यांना माहीत नाही असं कुणी आहे का? नाही, हीच तर गंमत आहे. राजे यशवंतराव होळकर महामेष योजना २०१७ ला आली, २० मेंढ्या अधिक १ मेंढा ७५ टक्के अनुदानावर, आणि त्याच योजनेत भटक्या मेंढपाळाला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी महिन्याला ६,००० असे २४,००० रुपये चराई अनुदान ठेवलंय. म्हणजे पैसे देताना सरकारला बरोबर कळतं की हा माणूस या चार महिन्यांत गावाजवळ असतो आणि याच महिन्यांत त्याला चराईची अडचण असते. मग ट्रेनिंग लावताना ते कळणं कुठं जातं? कारण अनुदानाची फाईल एका टेबलावर आणि प्रशिक्षणाची दुसऱ्या, बऱ्याचदा दुसऱ्या बिल्डिंगमधे.

समन्वय म्हटलं की आपल्याकडं समन्वय समिती होते. तिची बैठक होते, मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम होतं, सगळे आपापलं टार्गेट वाचून दाखवतात, मी अशा बैठकांत किती बिस्किटं खाल्ली असतील देव जाणे. त्या बैठकीत कुणी असं विचारलेलं मी एकदाही ऐकलं नाही की तुम्ही जुलैत जंताचं औषध वाटणार आहात तर आम्ही वाटू का नको. आणि नेमकं तिथंच नुकसान होतं, थेट जनावराच्या अंगावर होतं. जरा सविस्तर सांगतो.

पावसाळ्याच्या तोंडाला जंतनिर्मूलन करा हा सल्ला बरोबर आहे, कुणीही देईल. आता खातं जूनमधे वाटतं, एखादी संस्था त्यांच्या कीटमधनं जुलैत वाटते, कंपनीवाले शिबिरात सॅम्पल देतात ते ऑगस्टमधे. तिन्ही बाटल्यांची लेबलं वेगळी, रंग वेगळे, आत बऱ्याचदा एकच, अल्बेंडाझोल. मेंढपाळाला वाटतं तीन वेगवेगळी औषधं दिली. त्यात वजन करायची सोय नाही, मग अंदाजानं पाजायचं, मोठ्या मेंढीला जरा जास्त आणि छोटीला जरा कमी, बहुतेकदा सगळ्यांनाच कमी, कारण बाटली पुरली पाहिजे. एकच औषध, तेही कमी मात्रेत, परत परत. जंताला यापेक्षा चांगली तालीम काय पाहिजे, दोन-चार वर्षांत त्या रानातल्या जंतांना ते औषध पाण्यासारखं. पण याहूनही वाईट दुसरं आहे. अल्बेंडाझोल गाभण मेंढीला पहिल्या महिन्यात देऊ नये, पोटातल्या गर्भाला ते घातक असतं, कोकरू व्यंगाचं निपजू शकतं. हे औषधाच्या माहितीपत्रात लिहिलेलं असतं, कॉलेजात शिकवलेलं असतं. आणि आमच्या कळपात मेंढा कधी लागू होतो? पहिला पाऊस होऊन हिरवं झालं की, म्हणजे जून-जुलै-ऑगस्ट. म्हणजे जूनच्या सुरुवातीला जे औषध चांगलं तेच जुलैच्या शेवटी धोक्याचं, बाटली तीच, सल्ला तोच, फक्त दिवस बदलला. औषध वाटणाऱ्यानं विचारायला पाहिजे की तुमचा मेंढा कळपातच असतो का, यंदा कधीपासनं लागतोय. हा एक प्रश्न विचारला तर औषध बदलता येतं नाहीतर तारीख बदलता येते. विचारत कुणी नाही कारण त्याला गाडी संध्याकाळी परत न्यायची असते.

मग एखाद्या वाड्यावर दोन कोकरं वाकड्या पायाची निघतात, एखादी मेंढी गाभडते, कदाचित त्या औषधानं, कदाचित दुसऱ्याच कशानं, कोण तपासायला जातं. पण वाड्यावर ठरतं की सरकारी औषधानं झालं. एका म्हाताऱ्या बाबांनी मला हे असंच ऐकवलं होतं, लेकरा तुझं औषध तूच पी म्हणाले, हसून म्हणाले पण म्हणाले. आणि एकदा हे ठरलं की पुढच्या वर्षी लस टोचायला गेलेल्या माणसालाही तो वाडा हात लावू देत नाही. जंताच्या बाटलीनं लसीचं काम बिघडवलं, आणि दोन्ही खात्यांच्या अहवालात आपापलं उद्दिष्ट शंभर टक्के साध्य.

लसीचं गणित आणखी नाजूक. आंत्रविषार, ज्याला सगळे ईटी म्हणतात, तो कोवळ्या लुसलुशीत गवताच्या दिवसांत येतो आणि कळपातलं सगळ्यात तब्येतीचं, सगळ्यात खादाड कोकरू रातोरात उचलतो, संध्याकाळी उड्या मारत होतं सकाळी पाय ताणून पडलेलं. त्याची लस पावसाच्या आधी पाहिजे, आणि कळपाला पहिल्यांदाच देत असाल तर पंधरा-वीस दिवसांनी दुसरा डोस पाहिजे. पंधरा-वीस दिवसांत फिरता वाडा कुठल्या कुठं जातो. पीपीआर म्हणजे मेंढ्या-शेळ्यांचा जीवघेणा साथीचा रोग, त्याच्या लसीचं उलट, एकदा नीट टोचली की काही वर्षं बघायला नको, जगभरातनं २०३० पर्यंत हा रोग घालवायचं ठरलंय आणि आपला देशही त्यात आहे. पण ती लस बर्फावर न्यावी लागते, पावडर एकदा विरघळवली की थोड्या तासांत संपवावी लागते, आणि एका बाटलीत बरेच डोस असतात. घरटी दोन-तीन शेळ्या असलेल्या गावात ती बाटली संपवता संपवता दमछाक होते, अर्धी फेकावी लागते, आणि तिकडं एका वाड्यावर चार-पाच बिऱ्हाडांची हजारभर मेंढरं एका जागी रात्रीची वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडलेली असतात, पहाटे सहाला गेलं तर नऊपर्यंत काम खल्लास. पण याद्या गावाच्या. वाडा ज्या तालुक्याचा त्या तालुक्यात वाडा नाही, आणि वाडा ज्या तालुक्यात आहे तिथला डॉक्टर म्हणतो हे माझ्या यादीत नाहीत, माझे डोस माझ्या गावांना मोजून आलेत. त्याचंही बरोबर आहे! त्याला उद्या हिशोब विचारला जाणार आहे. कानात बारा आकडी बिल्ला मारून सगळ्या जनावरांची नोंद कॉम्प्युटरवर घ्यायचं काम देशभर चाललंय, त्यानं यात फरक पडू शकतो, बिल्ला कुठंही वाचता येतो. पण बिल्ल्यानं मेंढी कुणाची ते कळतं, तिला लस टोचायची जबाबदारी कुणाची हे बिल्ला सांगत नाही.

मधेच एक किस्सा. आमच्याकडं बरेच मेंढपाळ मेंढरांना बकरी म्हणतात. आमची बकरी अमुक रानात हायती, म्हणजे मेंढ्या. आमच्या एका नोंदणी शिबिरात शहरातनं आलेल्या पोरानं फॉर्मवर मेंढपाळांनी सांगितलं तसं लिहिलं, बकरी १२०, बकरी ८०, आणि कॉम्प्युटरवर सगळ्या शेळ्या झाल्या. महिनाभर आमच्या त्या शिबिरात मेंढी औषधालाही नव्हती. हसण्यावारी नेलं सगळ्यांनी, मीपण. पण ज्याला या माणसांची बोली माहीत नाही तो पुढं जाऊन त्यांना दोन तास काय शिकवणार, हा प्रश्न उरतोच.

शिकवण्यावरनं आठवलं. चुकीचं शिकवलेलंही आपण बरंच पचवलंय. स्वातंत्र्यानंतरची पंचवीस-तीस वर्षं मेंढी म्हणजे लोकर असं वरच्या मंडळींच्या डोक्यात पक्कं होतं. मग बाहेरची रक्तं आणायची, मेरिनो, रॅम्बुलेट, कॉरिडेल, हिसारला ऑस्ट्रेलियाच्या मदतीनं १९६९-७० च्या सुमाराला केंद्राचं मोठं मेंढी प्रजनन क्षेत्र उभं राहिलं, ठिकठिकाणी संकर चालू झाले, आपल्या दख्खनीवरही झाले. कागदावर लोकर सुधारत होती. पण मेंढपाळाची मिळकत मांसावर आणि रानात बसवण्यावर, लोकर म्हणजे घोंगडीपुरती, घोंगडी विणणाऱ्या सनगराला द्यायची. संकराचं जनावर उन्हातान्हात रोजची पायपीट करायला दख्खनीइतकं टिकेना, मग त्याची लोकर मऊ असून उपयोग काय. आज तर बऱ्याच ठिकाणी कातरणीची मजुरीसुद्धा लोकरीतनं निघत नाही. ती वरची मंडळी अडाणी नव्हती, हुशार होती, त्यांना अभ्यास होता. त्यांनी फक्त वाड्यावर बसून विचारलं नव्हतं की बाबा तुझं घर कशावर चालतं.

ज्यांनी विचारलं त्यांचंही उदाहरण आपल्याच पट्ट्यात आहे. फलटणला बनबिहारी निंबकरांनी १९६८ ला निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजे नारी, काढली. तिथं मेंढ्यांचं काम डॉ. चंदा निंबकरांनी पुढं नेलं. दख्खनी मेंढी सहसा एकावेळी एकच कोकरू देते. सुंदरबनातली गरोळ म्हणून एक टीचभर मेंढी आहे, तिला जुळी-तिळी होतात, फेकबी नावाच्या एका जनुकामुळं. ते जनुक दख्खनीत आणि कर्नाटकातल्या बन्नूर मेंढीत आणून त्यांनी नारी सुवर्णा तयार केली. (ऑस्ट्रेलियातली बूरूला मेरिनो जुळ्यांसाठी जगात नावाजलेली, तिच्यातलं हे जनुकही अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालातनं जहाजानं गेलेल्या मेंढ्यांकडनं आलं असं मानतात, म्हणजे आपलीच वस्तू आपण सात समुद्रापार नावाजलेली बघत होतो.) पण मला यात जनुकापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांनी मेंढे प्रत्यक्ष मेंढपाळांच्या कळपात दिले आणि नोंदी तिथंच ठेवल्या, कोकरू कधी पडलं, किती जगली, वजन काय. कारण फार्मवर जुळं होणं सोपं, वाटेवर जुळं म्हणजे घोड्यावर दुप्पट ओझं, मेंढीला दूध पुरलं पाहिजे, शेवटच्या महिन्यात मेंढीच्या पोटाला जास्तीचं काही घालायला पाहिजे, आणि ते विकत घ्यायला त्या महिन्यात खिशात पैसे पाहिजेत. म्हणजे नवीन जनावराबरोबर सल्ला जातो, सल्ल्याबरोबर लस जाते, त्याबरोबर नोंद जाते, आणि हे सगळं एकाच दारातनं येतं. मी ज्याला समन्वय म्हणतोय तो एवढाच आहे, त्याला समिती लागत नाही.

ऑस्ट्रेलियाचं नाव निघालंच आहे तर त्यांच्या ट्रेनिंगबद्दल सांगायला पाहिजे. तिकडं लाइफटाइम यू मॅनेजमेंट (यू म्हणजे मेंढी) नावाचा कोर्स बरीच वर्षं चालू आहे. पाच-सात मेंढीवाल्यांचा एक गट, वर्षातनं सहा वेळा भेटायचं, हॉलमधे नाही तर एकमेकांच्या फार्मवर, आणि भेटी ठरतात मेंढीच्या वर्षाप्रमाणं, मेंढा सोडायच्या आधी, गाभण असताना, विण्याच्या आधी, कोकरं दुधापासनं तोडताना. दरवेळी मेंढीच्या कमरेवर हात ठेवून तिची तब्येत एक ते पाच अशा मार्कांत सांगायची आणि त्यावरनं खाद्य ठरवायचं. झालं, बाकी फार काही नाही. आता गंमत बघा, कमरेवर हात ठेवून मेंढी चाचपणं हे लोणंदच्या नाहीतर आटपाडीच्या बाजारात कुठलाही मेंढपाळ दिवसातनं शंभर वेळा करतो, अंधारातसुद्धा सांगेल की ही खालावलीय. त्याला ते कुणी शिकवायची गरज नाही. त्याच्या त्या हाताला फक्त पुढचं जोडून द्यायचंय, की अशी मेंढी मेंढा लागायच्या आधी महिनाभर हाताला लागली तर काय कर आणि विण्याच्या आधी लागली तर काय कर. आपण त्याऐवजी त्याला हॉलमधे बसवून मेंढीपालनाचे फायदे या विषयावर स्लाइड दाखवतो. पिढ्यानपिढ्या मेंढरं राखणाऱ्याला मेंढीपालनाचे फायदे!

सहा भेटींचं आपल्याकडं कसं बसेल हे मी बरेचदा मांडून बघितलंय. वाडा घरी परतला की पहिली, तिथं ईटी आणि जंत, मेंढा लागायच्या आधी. मग पावसाळ्याच्या मधे एक, पायांची, खुरांची, गोचिडांची. दसरा-दिवाळीच्या मधे कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीची जत्रा असते, तिकडं हजारोंनी धनगर समाज लोटतो, तिथं भंडाऱ्यात न्हालेल्या माणसाला कुणी लेक्चर देऊ नये, पण तिथनं परत आल्यावर वाडे हलायच्या आत गावोगावी एक भेट नक्की जमते, गाभण मेंढीच्या खाण्याची आणि वाटेवरच्या औषधांच्या पिशवीची. चौथी-पाचवी वाटेवर, वाड्यावर, घाटाखाली नाहीतर मराठवाड्यात, आणि ती घ्यायला इथलाच माणूस जायला पाहिजे किंवा तिथल्या माणसाच्या हातात या वाड्याचं कार्ड असायला पाहिजे, कुठली लस कधी, कुठलं औषध शेवटचं कधी दिलं, एवढं एका पानावर. सहावी परत आल्यावर, काय मेलं काय जगलं याचा हिशोब. यातलं काहीही नवीन नाही, पैसाही जास्त लागत नाही, हॉलचं भाडं आणि बॅनर वाचतात उलट.

आणि या भेटी बायकांबरोबर पाहिजेत, निदान बायका असताना पाहिजेत. पुरुष मेंढरं घेऊन रानात गेला की वाड्यावर मागं राहतात ती आजची पडलेली कोकरं, लंगडी मेंढी, आजारी मेंढी, आणि बाई. कोकराला दूध पाजणं, कुठल्या मेंढीला पान्हा फुटत नाही, कुणाला हगवण लागलीय, हे तिला पहिल्यांदा कळतं. पुण्याच्या ॲन्थ्रा संस्थेनं, जी मुळात पशुवैद्य बायकांनीच सुरू केली, हे फार आधी ओळखून बायकांना जनावरांच्या औषधपाण्याचं शिक्षण दिलं. आपल्या ट्रेनिंगचं पत्र मात्र जातं कुटुंबप्रमुखाच्या नावानं, आणि सकाळी दहा ते पाच, मुक्कामी. कोकरं सोडून ती कशी येणार.

यावर मला नेहमी दोन गोष्टी ऐकवल्या जातात. एक, आता मोबाईल आहे, ग्रुप करा, व्हिडिओ टाका, १९६२ या नंबरला फोन केला की जनावरांच्या डॉक्टरची गाडी येते. येते, चांगली सोय आहे, मी स्वतः लावून दिलाय फोन. पण गाडी डांबरीवर येते आणि वाडा असतो बांधापलीकडं, आणि फोनवर जागा सांगायची तर त्या बिचाऱ्याला परक्या मुलखात गावाचं नाव धड माहीत नसतं. ग्रुपचं म्हणाल तर मी केला होता, पंधरा दिवसांत त्यात गुड मॉर्निंग आणि शेळीच्या पिल्लांच्या जाहिराती. मोबाईल उपयोगी आहे तो ओळख झाल्यावर, ज्याचा आवाज ओळखीचा आहे त्यानं सांगितलेलं ऐकतो माणूस.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. कशाला हिंडायचं, बंदिस्त करा, पोरं शाळेत जातील, जनावर चोरीला जाणार नाही, बिबट्याची भीती नाही, शेतकऱ्याशी भांडण नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ पासनं ५०० मेंढ्या-शेळ्या अधिक २५ नरांच्या युनिटला ५० टक्के, जास्तीत जास्त ५० लाख रुपये भांडवली अनुदान आहे, आणि हल्लीची निम्मी ट्रेनिंगं त्याच धर्तीवर, शेड, गव्हाण, मुरघास, अझोला. मी याच्या विरोधात नाही, ज्याला जमतंय त्यानं जरूर करावं, आणि पोरांच्या शाळेचा मुद्दा तर असा आहे की त्यावर मला उत्तर सुचत नाही, वाड्यावरची पोरं बघितली की आपलं सगळं बोलणं पोकळ वाटतं. पण शेडला जागा लागते, चाऱ्याला पाणी असलेलं रान लागतं, बँकेला तारण लागतं. महाराष्ट्रात २०१९ च्या पशुगणनेत सत्तावीस लाखांच्या आसपास मेंढ्या निघाल्या, त्यातल्या बहुतेक ज्यांच्याकडं यातलं काहीच नाही अशा माणसांच्या आहेत आणि त्या दुसऱ्याच्या रानातलं, कुणाच्याच उपयोगाचं नसलेलं गवत-पाला खाऊन जगतात. उद्या सगळ्यांना बंदिस्त करायचं ठरवलं तरी त्याला दहा-वीस वर्षं लागतील. तोपर्यंत हिंडणाऱ्या मेंढीच्या पायाला काटा मोडणार नाही, तिला पीपीआर होणार नाही असं तर नाही ना. जे हिंडतायत त्यांच्यासाठीचा सल्ला आज पाहिजे, ते थांबल्यावर द्यायचा सल्ला वेगळा.

आता माझी मागणी साधी आहे. जिल्ह्याला एक माणूस पाहिजे, समिती नको, ज्याच्याकडं कुठला वाडा आत्ता कुठं आहे त्याची वही असेल आणि ज्याच्या सहीशिवाय मेंढपाळांच्या नावानं औषध, लस, ट्रेनिंग काहीही त्या कळपापर्यंत जाणार नाही, मग ते खात्याचं असो, विद्यापीठाचं असो नाहीतर कंपनीचं. तो पशुवैद्य असेल तर उत्तम, चांगला अनुभवी पशुधन पर्यवेक्षकही चालेल, मेंढपाळाच्या घरातला शिकलेला पोरगा किंवा पोरगी हाताखाली घेतली तर आणखी चांगलं. त्याचं प्रशिक्षणाचं बजेट मार्चला परत जाऊ नये, जूनपर्यंत खर्च करायची मुभा असावी. आणि त्याला जिल्ह्याबाहेर जायची मोकळीक पाहिजे, हे शेवटचं मी मुद्दाम लिहितोय.

कारण त्या मार्चच्या तीन ट्रेनिंगनंतर मला राहवलं नाही आणि मी एका ओळखीच्या वाड्याबरोबर राहायला पेणच्या बाजूला दोन दिवस गेलो, बरोबर एका डॉक्टर मित्राला घेतलं, तो बिचारा रजा टाकून आला. ओल्या खाचरात बसून बसून मेंढरांचे खूर सडले होते. पहाटे चार तास आम्ही खूर कापले, धुतले, औषध लावलं, वाड्यावरच्या दोन बायकांनी बघता बघता आमच्यापेक्षा चांगलं कापायला सुरुवात केली, आणि एका म्हातारीनं मला कुठल्या महिन्यात कुठल्या रानात पाय बिघडतात ते गावाच्या नावानिशी सांगितलं, ते मी लिहून घेतलं, अजून आहे. परत येऊन प्रवासाचं बिल टाकलं, हॉलच्या एका दिवसाच्या भाड्यापेक्षा कमी होतं. महिन्यानं परत आलं, वर लाल शाईत शेरा, कार्यक्षेत्राबाहेर. मी खाली लिहिलं की मेंढरं आपल्याच तालुक्यातली आहेत, यादीत नावं बघावीत, आणि बिल पुन्हा आत पाठवलं.